ओळखीचा शब्द, अनोळखी शब्द : हाँगकाँगची मुलं इंग्रजी कशी वाचतात

1996 साली ‘कॉग्निशन’ या नियतकालिकात ॲलिसन होम आणि बार्बरा डॉड या दोघींचा एक निबंध आला. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांची त्यांनी चाचणी घेतली होती. त्यात चीनमधले विद्यार्थी होते, हाँगकाँगचे होते, व्हिएतनामचे होते आणि ऑस्ट्रेलियातलेही होते. सगळ्यांना इंग्रजी शब्द वाचायला आणि लिहायला दिले. खऱ्या शब्दांत या गटांमध्ये फरक दिसला नाही. मग बनावट शब्द दिले. घडण इंग्रजीची, पण कोणत्याही कोशात न सापडणारे शब्द. आपण ‘ड्रॉस्क’ किंवा ‘फ्लिंब’ असं काही रचावं तसे. तिथे हाँगकाँगचे विद्यार्थी अडखळले. शब्दातला एखादा सुटा ध्वनी वेगळा काढून दाखवा, अशा चाचण्यांतही तेच मागे पडले.

ही विद्यापीठात पोचलेली माणसं होती. इंग्रजी त्यांच्या कानावर आणि वहीत बालवर्गापासून असणार. जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तकं ती वाचत होती, परीक्षा देत होती. तरी ‘ड्रॉस्क’सारख्या पाच-सहा अक्षरांच्या शब्दापुढे ती थांबत होती, कारण तो शब्द त्यांनी आधी पाहिलेला नव्हता. निबंधाचा निष्कर्ष असा की, पहिल्या लिपीत वाचायची जी सवय लागते तीच माणूस दुसऱ्या लिपीत घेऊन जातो, आणि हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांकडे अख्खा शब्द नजरेने ओळखण्याची तेवढी एकच वाट होती.

मला त्या विद्यार्थ्यांच्या निकालापेक्षा त्यांच्या बालवर्गात जास्त रस आहे. ही वाट तिथेच पडलेली असणार.

शहर आणि त्याच्या भाषा

हाँगकाँगमध्ये 1974 पर्यंत इंग्रजी ही एकमेव राजभाषा होती. त्या वर्षी कायदा झाला आणि चिनी भाषेला बरोबरीचं स्थान मिळालं. 1 जुलै 1997 ला शहर चीनकडे परत गेलं आणि 1998 च्या सप्टेंबरपासून बहुतेक माध्यमिक शाळांनी मातृभाषेतून शिकवावं असा आदेश निघाला. इंग्रजी माध्यम ठेवायची परवानगी आधी 100 शाळांना मिळाली, अपिलात आणखी 14 शाळांना. या 114 शाळांत आपल्या मुलाची वर्णी लागावी म्हणून पालकांची जी धावपळ सुरू झाली, तिचं वर्णन मुंबई-पुण्याच्या पालकांना करून सांगायची गरज नाही. प्राथमिक शाळा बहुतांश कँटोनीज माध्यमाच्या, म्हणजे शहरात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या चिनीच्या; पण इंग्रजी हा विषय बालवर्गापासूनच, म्हणजे वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून.

या मुलांची आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. ती बोलतात कँटोनीज आणि लिहितात प्रमाण चिनी. प्रमाण चिनीची बैठक उत्तरेकडच्या मँडरिनची आहे. घरात ‘तो’ म्हणायला मूल ‘खॉय’ म्हणतं. पुस्तकात मात्र वेगळंच चिन्ह असतं आणि ते चिन्ह कँटोनीजमध्ये ‘था’ असं वाचायचं असतं. अहिराणी किंवा मालवणी बोलणारं मूल प्रमाण मराठीचं पुस्तक उघडतं, तशातला हा प्रकार, पण अंतर त्याहून मोठं. म्हणजे घरची भाषा जशीच्या तशी कागदावर उतरते, हा अनुभव या मुलाला पहिल्या भाषेतही पुरता मिळत नाही.

इतकं असून ही मुलं चिनी फार उत्तम वाचतात. चौथीतल्या मुलांच्या वाचनाची जी आंतरराष्ट्रीय चाचणी दर पाच वर्षांनी होते, तीत 2011 साली 571 गुण मिळवून हाँगकाँग पहिलं होतं; 2021 च्या फेरीत 573 गुणांसह सिंगापूरच्या (587) पाठोपाठ होतं. तेव्हा ‘वाचनात कच्ची मुलं’ असा शिक्का मारून हे प्रकरण मिटवता येत नाही. एका लिपीत जगात अव्वल असलेली मुलं दुसऱ्या लिपीत एका विशिष्ट जागी अडतात. ती जागा नेमकी कोणती, हे पाहायचं आहे.

पाहा आणि म्हणा

चिनी लिपीत एक चिन्ह म्हणजे उच्चाराचा एक ठोका आणि बहुधा एक अर्थ. ‘ठोका’ म्हणजे एका दमात तोंडातून निघणारा उच्चार; ‘कमळ’मध्ये असे दोन ठोके, क-मळ. हाँगकाँगच्या वर्गात बाई चिन्ह दाखवतात आणि उच्चार करतात, मुलं तो उच्चार म्हणतात, मग चौकटीच्या वहीत तेच चिन्ह रेघांच्या ठरलेल्या क्रमाने पुन्हा पुन्हा लिहितात. मधे कोणतीही शिडी नाही. या चिन्हातला हा तुकडा ‘म’चा आणि तो ‘आ’चा, असं सांगण्यासारखं त्यात काही नसतंच.

अगदीच काही नसतं असंही नाही. बरीच चिन्हं जोडचिन्हं असतात. अर्धा भाग अर्थाची दिशा सांगतो, अर्धा उच्चाराची. ‘आई’चं चिन्ह म्हणजे डावीकडे ‘स्त्री’ आणि उजवीकडे ‘घोडा’. घोड्याचा इथे अर्थाशी संबंध नाही. कँटोनीजमध्ये घोडाही ‘मा’ आणि आईही ‘मा’, फक्त सूर वेगळा. हुशार मुलं ही खूण लवकर ओळखतात आणि नव्या चिन्हाचा अंदाज बांधतात. पण ही खूण अख्ख्या ठोक्याची आहे. ‘मा’ला आतून उघडून त्यात दोन ध्वनी आहेत हे दाखवण्याची सोय तिच्यात नाही.

लिहिण्यावरचा भर नुसता जुनाट हट्ट म्हणून सोडून देता येणार नाही. हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने बीजिंगच्या मुलांवर झालेलं आणि 2005 साली प्रसिद्ध झालेलं काम सांगतं की, चिनी वाचता येणं हे चिनी लिहिता येण्याशी घट्ट बांधलेलं आहे. हात जे लिहितो ते डोळा लक्षात ठेवतो. चिनीसाठी ही पद्धत काम करते, आणि म्हणूनच तिच्यावर कुणी शंका घेत नाही.

मग तेच जातं इंग्रजीसाठी फिरवलं जातं. कार्डावर सफरचंदाचं चित्र, खाली शब्द. ‘ए, डबल पी, एल, ई – ॲपल.’ मुलं म्हणतात, वहीत लिहितात, आणि पुढे ‘मक-स्यू’ असतं. मक-स्यू म्हणजे शुद्धलेखनाची परीक्षा. शिक्षक उच्चारतात आणि मुलं आठवणीतून लिहितात. हाँगकाँगमध्ये वाढलेल्या कुणाहीसमोर हा शब्द काढून बघा, चेहऱ्यावर काहीतरी उमटतंच. चिनीचं मक-स्यू वेगळं, इंग्रजीचं वेगळं, आणि दोन्हींची तयारी सारखीच: पाठांतर.

या पाठांतरात अक्षरांची नावं असतात, आवाज नसतात. हा फरक बारीक दिसतो, पण सगळी गोम त्यात आहे. ‘डब्ल्यू’ या नावात ‘व’ कुठेच ऐकू येत नाही. ‘एच’ या नावात ‘ह’ नाही. सी-ए-टी ही तीन नावं कितीही भरभर म्हटली तरी ‘कॅट’ होत नाही. मुलासाठी तो टेलिफोनच्या नंबरासारखा एक क्रम असतो आणि त्या क्रमाला चिकटलेला एक आवाज असतो. नंबर पाठ, माणूस पाठ. पण नंबरातला तिसरा आकडा त्या माणसाबद्दल काही सांगतो का? नाही सांगत.

पहिली-दुसरीत हे झकास चालतं. पुस्तकातले शब्द मोजके, चित्रं भरपूर, आणि या मुलांची नजर चिनी चिन्हांनी तासलेली. अडीच हजारांवर चिन्हं प्राथमिक शाळेत गिळायची असतात. त्यापुढे इंग्रजीचे तीन-चारशे शब्द म्हणजे काय? पालक खूश, शिक्षक खूश, मक-स्यूत शंभरपैकी शंभर. मला वाटतं, या प्रकरणातली सर्वांत अडचणीची गोष्ट हे यश आहे. नापास होणाऱ्या मुलाकडे कुणाचं तरी लक्ष जातं. शंभर गुण मिळवणाऱ्या मुलाला ‘हा शब्द तू कधी पाहिलेला नाहीस, वाचून दाखव’ असं कोण म्हणणार?

पुढे शब्द वाढतात आणि एकमेकांसारखे दिसायला लागतात. ‘थ्रू’, ‘थॉट’, ‘दो’ आणि ‘टफ’ यांची इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर आणा. अख्खा शब्द चेहऱ्यासारखा ओळखणाऱ्याला ही चार भावंडं सारखीच दिसतात. अशा वाचकाची चूकही वेगळ्या जातीची असते: तो न येणाऱ्या शब्दाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा ओळखीचा शब्द ठेवतो. ‘हॉर्स’ला ‘हाउस’ म्हणतो. आवाजाच्या मार्गाने जाणारा वाचक चुकला तर काहीतरी वेडावाकडा उच्चार करतो, पण तो छापलेल्या अक्षरांना धरून असतो.

अमेरिकेत शिकणाऱ्या चिनी आणि कोरियन विद्यार्थ्यांवरच्या, 2003 साली छापून आलेल्या एका प्रयोगात हा फरक फार नेटका दिसला. पडद्यावर आधी गटाचं नाव येतं, समजा ‘फूल’. मग एक शब्द येतो आणि तो त्या गटात बसतो का ते सांगायचं. शब्द ‘रोझ’ नसतो, पण त्याच उच्चाराचा दुसरा शब्द असतो, रांगा या अर्थाचा ‘रोज़’. कोरियन लिपी ध्वनींची, त्यामुळे ते विद्यार्थी कानाने फसले. फूलच आहे म्हणाले. चिनी विद्यार्थी उच्चाराला तसे फसले नाहीत. त्यांना गोंधळवलं ते दिसण्यातल्या साम्याने. इंग्रजी एकच, पण एक गट ती कानाने वाचत होता आणि दुसरा डोळ्याने.

तोंडात मावत नाही ते

ध्वनी सुटे करायचे तर ते आधी कानाला सुटे ऐकू आले पाहिजेत. इथे कँटोनीजची स्वतःची ठेवण आडवी येते.

कँटोनीजचा ठोका आटोपशीर असतो. सुरुवातीला एक व्यंजन, मधे स्वर, शेवटी फार तर प, त, क किंवा म, न, ङ. शेवटचे प, त, क तोंडातल्या तोंडात थांबतात, फुटत नाहीत. ‘स्ट’, ‘क्र’, ‘ब्ल’ अशी जोडाक्षरं सुरुवातीला चालत नाहीत; शेवटी ‘स’ चालत नाही, ‘स्ट’ तर नाहीच. इंग्रजी शब्द या साच्यात ओतला की काय होतं, हे हाँगकाँगच्या बाजारात उघड्यावर मांडलेलं आहे. बस म्हणजे ‘पा-सि’. टॅक्सी म्हणजे ‘तिक-सि’. क्रीम ‘केइ-लिम’, गाडीचा ब्रेक ‘पिक-लिक’, पोस्टाचा स्टॅम्प ‘सि-ताम’; त्यातला शेवटचा ‘प’ वाटेत गळाला. स्ट्रॉबेरीची तर चार चिन्हं होतात: ‘सि-तो-पे-लेइ’. माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र स्टोअर आणि टोस्ट यांचं. कोपऱ्यावरचं स्टोअर म्हणजे ‘सि-तो’, आणि न्याहारीचा टोस्ट म्हणजे ‘तो-सि’. तीच दोन चिन्हं, उलटसुलट. आणि परीक्षेत फेल होणं म्हणजे ‘फेइ-लोउ’. लिहायला घेतलेल्या चिन्हांचा अर्थ होतो ‘जाड्या’. शाळकरी पोरांनी हा शब्द टिकवला नसता तरच नवल.

आपल्याकडे ‘इस्टेशन’ आणि ‘इस्कूल’ म्हणणारे हसण्यावारी नेले जातात, पण भाषा तेच करते आहे: न मावणाऱ्या जोडाक्षराला टेकू देते. फरक एवढाच की मराठीत स्वतःची जोडाक्षरं आहेत. ‘स्नान’ म्हणणाऱ्या तोंडाला ‘स्नेक’ अवघड जात नाही. कँटोनीज बोलणाऱ्या मुलाला ‘स्’ आणि ‘ट्’ यांच्यामध्ये एक स्वर खरोखर ऐकू येतो.

त्यामुळे वर्गातल्या तपासणीत एक फसगत होऊ शकते. ‘स्टॉप’मधला पहिला आवाज काढ म्हटलं, तर ‘सि-टॉप’ असं ऐकणारं मूल ‘सि’ उडवून ‘टॉप’ असं बरोबर उत्तर देऊन मोकळं होईल. बाईंना वाटेल, जमलं. त्याने खरं तर एक ठोका उडवला. ध्वनीला हात लावलाच नाही. आता ‘टॉप’मधला पहिला आवाज काढायला सांगा.

मराठी वाचकाला ही अडचण स्वतःच्या लिपीवरून थोडी समजेल. आपलं ‘क’ हेही एकसंध वाटतं. त्यात क् आणि अ आहेत हे आपल्याला व्याकरणाच्या तासाला कळतं. पण बाराखडी म्हणता म्हणता का-कि-की-कु हे ‘क’ कायम ठेवून स्वर बदलण्याचं काम आपण नकळत शेकडो वेळा करतो, आणि पाय मोडलेलं व्यंजन डोळ्यांना दिसतं. हाँगकाँगच्या मुलाला बाराखडीसारखं काहीच मिळत नाही. इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने आपल्या लिपीत उच्चार लिहून ठेवायची सवय मात्र तिथेही आहे, चिनी चिन्हांत. मँडरिनमध्ये ‘थँक यू’साठी ‘सान-ख-योउ’ लिहितात, शब्दशः अर्थ ‘तीन ग्रॅम तेल’. पाठ करायला सोपं, आणि ‘थ’, ‘ङ्क’ या ध्वनींची माती.

बीजिंगचं आणि तैपेईचं मूल

आता ज्या गोष्टीमुळे हे प्रकरण मला अभ्यासासारखं वाटतं तिच्याकडे येतो. होम आणि डॉड यांच्या चाचणीत चीनमधले विद्यार्थी अडखळले नव्हते. तेही चिनीच चिन्हं वाचत लहानाचे मोठे झाले होते. मग फरक कशाचा?

11 फेब्रुवारी 1958 ला चीनच्या राष्ट्रीय लोकसभेने पिनयिन मंजूर केलं. रोमन अक्षरांत मँडरिनचे उच्चार लिहायची ही पद्धत. ती घडवणाऱ्यांत अग्रणी होते झोउ योउग्वांग, मूळचे अर्थतज्ज्ञ, पुढे 111 वर्षं जगले आणि 2017 साली वारले. चीनमधलं मूल पहिलीच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत पिनयिन शिकतं: ब आणि आ मिळून ‘बा’, म आणि आ मिळून ‘मा’. चिन्हं शिकताना ते डोक्यावर छापलेलं असतं, नंतर गळून पडतं. तैपेईच्या, म्हणजे तैवानच्या राजधानीतल्या मुलाकडे रोमन अक्षरं नसतात. त्याच्याकडे झूयिन असतं, 37 चिन्हांचं, दिसायला चिनी रेघांच्या तुकड्यांसारखं. पहिलीचे पहिले दहा आठवडे त्यातच जातात.

या काही आठवड्यांचा परिणाम मोजला गेला आहे. 1986 साली चार्ल्स रीड आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी चीनमधल्या प्रौढांची चाचणी घेतली. ज्यांना फक्त चिन्हं येत होती त्यांना बोललेल्या चिनी शब्दातून एखादं व्यंजन काढणं किंवा घालणं जमेना. ज्यांनी पिनयिनही शिकलं होतं त्यांना जमलं. लक्षात घ्या, चाचणी त्यांच्या स्वतःच्या भाषेत होती. वय वाढल्याने ही जाण आपोआप येत नाही, आणि भाषा उत्तम बोलल्यानेही नाही. तैवानमध्ये पहिलीच्या मुलांना झूयिनच्या आधी आणि दहा आठवड्यांनंतर तपासलं गेलं. ते निष्कर्ष 1997 साली आले. दहा आठवड्यांत ध्वनी सुटे करण्याची क्षमता ठळकपणे वाढली होती.

म्हणून ‘चिनी बोलणारी मुलं इंग्रजी अशी-अशी वाचतात’ हे वाक्यच मला संशयास्पद वाटतं. कोणती मुलं? बीजिंगच्या मुलाने इंग्रजी सुरू होण्याआधी ध्वनी फोडून पाहिलेले असतात. 2001 पासून चीनच्या शाळांत इंग्रजी तिसरीपासून शिकवायचं धोरण आहे, म्हणजे पिनयिननंतर दोन वर्षांनी. हाँगकाँगचं मूल इंग्रजी कितीतरी आधी सुरू करतं, ऐकतंही जास्त, आणि तरी नेमकी ही एक किल्ली त्याच्या हातात नसते. ‘चिनी लोकांचा मेंदूच दृश्य’ अशा छापाची विधानं यापुढे टिकत नाहीत.

पिनयिनची स्वतःची खोड आहेच. त्यात ‘क्यू’ हे अक्षर ‘च’च्या जवळचा आवाज देतं, ‘एक्स’ ‘श’च्या जवळचा आणि ‘सी’ म्हणजे ‘त्स’. बीजिंगचं मूल इंग्रजी ‘सी’पाशी याच कारणाने चुकतं. पण ही चूक दुरुस्त होण्याजोगी आहे; अक्षराला आवाज असतो हे त्याला कळलेलं असतं, फक्त कोणता ते चुकतं.

हाँगकाँगने ही किल्ली का दिली नाही? कँटोनीज रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धती आहेत. ‘युतपिंग’ ही हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने 1993 साली आणली. पण शाळेत वाचन शिकवायला ती वापरण्याची रीत पडली नाही. रस्त्यांच्या पाट्यांवर, ओळखपत्रावर रोमन नावं असतात आणि मूल स्वतःचं नाव त्या अक्षरांत लिहितं, पण तेही पाठ केलेल्या क्रमानेच. टंकलेखनातही तेच. चीनमधला माणूस पिनयिन टाइप करून चिन्ह निवडतो, म्हणजे दिवसभर ध्वनींशी खेळतो. हाँगकाँगमध्ये वर्षानुवर्षं चालली ती 1976 साली चू बाँग-फू यांनी शोधलेली त्सांगजी पद्धत. तिच्यात चिन्हाचे आकार 24 मूळ तुकड्यांत फोडायचे असतात. शहराने तोडफोड शिकवली नाही असं नाही. आकाराची शिकवली, आवाजाची नाही.

1998 पासून प्राथमिक शाळांत मँडरिन हा विषय आला आणि त्याच्या आडून थोडं पिनयिनही आलं. त्या आधीच्या पिढ्यांना तेही नव्हतं.

बारा आठवडे

2013 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या प्रकरणाचं दुसरं टोक वाटतो. हाँगकाँगमधली 76 लहान मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. दोन्ही गटांना बारा आठवडे इंग्रजी शिकवलं. एका गटाला शब्द आणि लेखन. दुसऱ्या गटाला शब्दच, पण त्या शब्दांशी खेळत खेळत आवाज सुटे करणं: किती ठोके आहेत, कोणते दोन शब्द यमकात जुळतात, सुरुवातीचा आवाज कोणता, तो काढला तर काय उरतं. शेवटी दुसरा गट ध्वनींच्या सर्व पातळ्यांवर पुढे गेला, शब्द वाचण्यात पुढे गेला, लिहिण्यातही.

अनपेक्षित वाटावी अशी एक नोंद त्यात होती. चित्र दाखवून ‘हे काय?’ असं विचारल्यावर शब्द स्वतःच्या तोंडाने सांगणं, हेसुद्धा त्याच गटाला जास्त जमलं. पहिल्या गटालाही शब्द शिकवलेच होते. माझा अर्थ असा: शब्द आतून ऐकू आला तर तो तोंडात बसतो. ‘सि-ताम’सारखं धूसर काहीतरी साठवलेलं मूल चित्र पाहून गडबडतं, स्-ट्-ॲ-म्-प् अशी घडी मोडून पाहिलेलं मूल ती पुन्हा घालू शकतं.

सरकारही स्वस्थ नव्हतं. इंग्रजी मातृभाषा असलेले शिक्षक 1998 पासून माध्यमिक शाळांत आणि 2002 पासून प्राथमिक शाळांत नेमले गेले. 2004 च्या प्राथमिक अभ्यासक्रम मार्गदर्शिकेत फोनिक्सला, म्हणजे अक्षर आणि आवाज यांच्या जोड्या शिकवण्याला, जागा मिळाली. पण फोनिक्स हे मूळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी घडवलेलं औषध आहे, आणि इथे त्याची मात्रा वेगळी लागते. लंडनमधलं पाच वर्षांचं मूल म-अ-ग जुळवून ‘मग’ म्हणतं तेव्हा रोजचा दुधाचा पेला त्याला आठवतो. जुळवणी बरोबर झाली याचा पुरावा त्याच्या डोक्यात आधीच असतो. हाँगकाँगचं मूल तीच जुळवणी बिनचूक करून एका अशा आवाजाशी पोचतं, जो त्याने कधी ऐकलेलाच नाही. दार उघडलं, खोली रिकामी. म्हणून त्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात आवाजाचे खेळ शब्द शिकवण्यातच गुंफले होते, हे मला त्यातलं मर्म वाटतं. नुसते आवाजांचे तक्ते भिंतीला लावले तर तेही पाठ होतील. पाठ करण्यात या मुलांचा हात कोण धरणार? मग फोनिक्सचंही मक-स्यू होईल.

ऐकण्याची एक सोय या शहरात घरातच आहे. तीन लाखांहून अधिक परदेशी घरकामगार स्त्रिया हाँगकाँगमध्ये आहेत, बऱ्याच फिलिपिन्समधून आलेल्या, आणि अनेक घरांत मुलांशी त्या इंग्रजीत बोलतात. शाळेच्या इंग्रजीत नसलेलं ‘बूट काढ’, ‘सांडलंस का’ हे इंग्रजी मूल त्यांच्याकडून ऐकतं. काही पालकांना त्यांच्या उच्चारांची धास्ती वाटते. मला ती धास्ती उलटी वाटते.

चिनीने दिलेलं एक बळ शिक्षक क्वचितच वापरतात. चिनी शब्द जोडून होतात: रेल्वे म्हणजे ‘आग-गाडी’, संगणक म्हणजे ‘वीज-मेंदू’. मोठा शब्द अर्थाच्या तुकड्यांत फोडायची सवय या मुलांना उपजत असल्यासारखी असते. ‘टूथब्रश’, ‘रेनकोट’, ‘क्लासरूम’ त्यांना लगेच फोडता येतात. फोडणं येतंच; ते आणखी एक पायरी खाली न्यायचं आहे.

ती पायरी दाखवायला हाँगकाँगच्या कुठल्याही ‘चा चान तेंग’मध्ये जावं, म्हणजे तिथल्या दूध-चहाच्या आणि नाश्त्याच्या हॉटेलात. मेन्यूकार्डावर ‘तो-सि’ची दोन चिन्हं, आणि बहुधा शेजारी इंग्रजीत ‘टोस्ट’. चिनी वाचताना मूल दोन ठोके देतं आणि मोकळं होतं. इंग्रजीसाठी त्याला मूठ पुढे करायला सांगायचं, प्रत्येक आवाजाला एक बोट उघडायचं: ट्, मग ओ, मग स्. इथे ते थांबतं, कारण त्याच्या भाषेत शब्द ‘स्’वर संपत नाही, आणि त्याच्यापुढे आणखी एक व्यंजन असण्याचा प्रश्नच येत नाही. ‘सि’ म्हणावं की नुसतं ‘स्’ यावर ते जरा घुटमळतं. चौथं बोट अजून मिटलेलं असतं.